बायजाक्काची अळणी

बायजाक्का डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघायची. कोंबडी असो, कणीक असो, तापलेलं कपाळ असो नाहीतर नव्यानं लग्न होऊन आलेली सून असो, तिचा अंगठा आणि शेजारचं बोट आधी पुढं व्हायचं आणि मग ती बोलायची. हळदीकुंकवाला एखादीच्या हाताला हळद लावताना ती मनगट जरा जास्त वेळ धरून ठेवायची. घरी परतताना माझ्या आईला हळूच सांगायची की अमक्यांच्या सुनेला आता आंबट लागणार. त्या सुनेला स्वतःला अजून काही कळलेलं नसायचं. थोड्या दिवसांनी त्या घरून पेढे यायचे आणि आई माझ्याकडे बघून मान हलवायची.

आम्ही बडोद्याला पाणीगेटच्या आतल्या बाजूला राहत होतो. गल्लीत बहुतेक घरं फौजेतल्या मराठ्यांची, टोकाला दोनतीन कारकुनांची ब्राह्मण घरं. माझे वडील, आबा, सरकारी घोडदळात जमादार होते. मुलींना शिकवा असं महाराजांनी सांगितलं, ते आबांनी हुकूम म्हणून ऐकलं. थोरल्या इंदूताईच्या वेळी हा हुकूम त्यांनी अर्धामुर्धा पाळला आणि लवकर तिचं लग्न करून दिलं. माझ्या वेळी मात्र त्यांनी एकदम टोक गाठलं आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. गल्लीतल्या बायका मला मडम म्हणायच्या. हे नाव बायजाक्कानं ठेवलं होतं. मी फारसं बोलत नसे, कुणाच्या ओटल्यावर बसत नसे, म्हणून ते चिकटलं.

बायजाक्का चार घरं सोडून भावाकडे राहायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा ग्वाल्हेरकडे कुठंतरी होता. कुणी त्याच्याबद्दल विचारलंच तर "आहे तिकडं, बरा आहे," असं ती म्हणायची. जणू तो सकाळी भाजी आणायला गेला होता आणि अजून यायचा होता. तिच्या भावाची बायको दुसऱ्यांसमोर तिला आक्का म्हणायची आणि घरात काहीच म्हणायची नाही. हे मी त्यांच्या खिडकीखालून जाता-येता ऐकलेलं आहे.

गल्लीत कुणी अंथरूण धरलं किंवा कुणी बाळंत झालं की बायजाक्काला बोलावणं जाई. ती स्वतःची विळी घेऊन यायची. दुसऱ्याच्या विळीवर तिचा विश्वास नव्हता. मग त्या घराच्या परसात चूल पेटायची आणि अळणी व्हायची.

आमच्या लोकांत कोंबडी शिजली की तिखट-मसाला पडायच्या आधी तिचं पाणी काढून घेतात, त्याला अळणी म्हणतात. हळद, आलं, लसूण, जरासा कांदा, एवढंच त्यात. ही पहिली वाडकी, म्हणजे वाटी, घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाची. मग पातेल्यात वाटण पडतं आणि बाकीच्यांचा लाल रस्सा होतो. "आधी पडलेला, मग उभा असलेला," असं बायजाक्का म्हणायची. पुरुष ताटावर बसून ओरडत असले तरी वाडकी भरून आत गेल्याशिवाय ती वाटणाला हात लावू द्यायची नाही. एकदा तिच्या भावाचे साहेब जेवायला आले होते. आत भावाची पोर तापानं पडली होती. भाऊ तीन वेळा परसात येऊन गेला, तिसऱ्या वेळी जरा आवाज चढवूनच. बायजाक्का तिथं चुलीपुढं शांत बसून राहिली. साहेबांना भूक लागलीय ना, म्हणजे साहेब बरे आहेत, असं ती त्याला म्हणाली.

कोंबडी ती स्वतः घ्यायची. आजाऱ्याला तलंग लागते, म्हणजे अंडी द्यायला अजून न लागलेली कोंबडी, असं तिचं ठरलेलं होतं. बाजारात करीमभाईकडे ती पिंजऱ्यापुढं बैठक मारायची. एकेक कोंबडी छातीशी धरून तिच्या छातीचं हाड बोटांनी चाचपायची, पिसं फुंकरीनं बाजूला करून कातडी बघायची, पायाचे खवले बघायची, पुन्हा आत सोडायची. करीमभाई एकदा कंटाळून म्हणाला, "मासी, मरघी लेवी छे के वहू जोवी छे?" कोंबडी घ्यायचीय की सून पसंत करायचीय, असं. बायजाक्कानं हातातली कोंबडी खाली न ठेवता त्याला सांगितलं की सून बघताना तुझ्या आईनं इतकं बघितलं असतं तर तू आज दुपारची भाकरी दुकानात बसून खाल्ली नसतीस. आसपासचे सगळे हसले. करीमभाईही हसला आणि त्यानं पिंजऱ्याच्या मागून चांगली तलंग काढून दिली.

तिचं काम बघायला मला आवडायचं. शाळेतून आले की मी पुस्तक घेऊन परसाच्या पायरीवर बसायची आणि पुस्तकाच्या वरून बघायची. गरम पाण्यातून काढून पिसं उपटणं, बारीक लव गवताच्या जाळावर जाळणं, हळद चोळणं, हे ती भराभर करायची. तुकडे केले की हाडांवर वरवंट्याचा एकेक टोला द्यायची, आतला मगज पाण्यात उतरावा म्हणून. कल्हईच्या पातेल्यात चमचाभर तूप, कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, मग कोंबडी. पाणी घालायचं नाही. वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. खाली कोंबडी तिच्याच अंगच्या पाण्यात घामाघूम व्हायची, वर ताटातलं पाणी तापायचं, आणि मग तेच तापलेलं पाणी आत. थंड पाणी घातलं की मांस दचकतं, असं ती म्हणायची. त्यानंतर चुलीतली लाकडं मागे ओढून नुसत्या निखाऱ्यावर पातेलं ठेवायचं. वर आलेला फेस पळीनं काढत राहायचं. उकळी फुटू द्यायची नाही, पाणी कडेकडेनं नुसतं हलत राहिलं पाहिजे. वेळ किती हे तिनं कधी सांगितलं नाही. पळीतला थेंब बोटावर घेऊन ती अंगठ्याला लावायची. दोन्ही बोटं एकमेकांना चिकटली, सुटताना जराशी ओढ लागली, की झाली अळणी. मीठ आणि मिरपूड वाडकीत.

ती स्वतः तिथं काही खायची नाही. तिच्या वाटणीचं पानात बांधून न्यायची, आणि त्यात कायम मान आणि पाय असायचे. आई छातीचा तुकडा घालायला गेली की ती तो परत पातेल्यात टाकायची. म्हणायची, सवय बिघडते.

एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळंच आम्ही पुढं वागलो तसे वागलो. गल्लीच्या टोकाच्या एका कारकुनाची बायको बाळंतपणानंतर उठतच नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला कोंबडीचं सूप द्या म्हणून सांगितलं. सोवळ्यातलं घर, सासू करडी. नवऱ्याची बिचाऱ्याची अवस्था कठीण झाली. तो एके सकाळी आबांकडे आला, इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना उंबऱ्यात थांबून त्यानं विचारलंच. बायजाक्कानं ते काम घेतलं. आमच्या परसात अळणी करायची, फडक्यातून दोनदा गाळायची, तुळशीची पानं टाकायची आणि किटलीतून पदराखाली न्यायची. काढा आहे, जमादारांच्या घरचा जुना आहे, असं सासूला सांगायची. मी बरोबर असायची. मडम मुकी आहे, ती चालेल, असं तिनं आईला सांगितलं होतं. सासू एकदा म्हणाली की काढ्याला वास बरा येतो, मलाही गुडघ्यांसाठी देत जा. बायजाक्का तिच्याकडे अगदी गंभीरपणे बघत म्हणाली, "काकू, तुमच्या गुडघ्यांना हा सोसायचा नाही."

ती बाई उठली, हिंडायला लागली. बायजाक्कानं त्या गोष्टीचा एक शब्द कधी कुणाजवळ काढला नाही. गल्लीतल्या बायका तिला किती छेडायच्या, काढ्यात काय घालतेस म्हणून. ती फक्त ओठ मिटून घ्यायची. तेव्हापासून आमच्या घरात असं पक्कं झालं की बायजाक्काच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी इंदूताई घरी आली. तिचं सासर जवळच्या पादरा गावचं. विश्वामित्री स्टेशनपर्यंत छोट्या गाडीनं आणि तिथून चालत, एकटी आली. दारात उभी राहिली तेव्हा आईनं तिला आधी ओळखलं नाही. चेहऱ्याची हाडं वर आली होती. लग्नाला तीन वर्षं झाली आणि मूल नाही म्हणून सासूनं तिचं एक वेळचं जेवण बंद केलं होतं. बाकीचं ती सांगेना. त्याच दिवशी बायजाक्काला बोलावलं. तिनं इंदूताईला न्हाणीत नेलं, अंगाला तेल लावायला. दार लोटलेलं होतं. आतून बायजाक्काचं हलकं पुटपुटणं तेवढं येत होतं. बाहेर आली तेव्हा बायजाक्काचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता. आईला ती म्हणाली, "वहिनी, पाठीवर जागा नाही हात फिरवायला. पट्ट्याचे वळ आहेत, नवे आहेत, जुनेही आहेत. तुम्ही बघू नका. मी बघितलंय."

इंदूताई आईला पाठ दाखवायला कधी तयार झाली नाही. मलाही नाही. ते पाहिलेलं माणूस एकटी बायजाक्का.

आबा बोलणारे नव्हते. दोनतीन दिवस ते नुसते येरझारा घालत होते. मग त्यांनी ओळखीच्या वकिलाला गाठलं. महाराजांच्या राज्यात हिंदू बाईला नवऱ्यापासून सुटण्याचा कायदा झालेला होता. सगळ्या हिंदुस्थानात नसेल असा, असं वकील म्हणाले. आमच्यासारख्या घरातल्या कुणी तो वापरलेला मात्र आबांच्या ऐकण्यात नव्हता. वकिलांनी सांगितलं की छळ सिद्ध करावा लागेल आणि घराबाहेरचं कुणी साक्षीला लागेल, आईबापांचं म्हणणं कोर्ट धरून चालणार नाही. आबांनी बायजाक्काला बोलावून हे सगळं सांगितलं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "सांगेन की. कोर्टात सांगेन, सरकारच्या वाड्यात नेलंत तरी सांगेन." आबांनी तिला हात जोडले. आबांना कुणापुढं हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

इंदूताईची एकच मागणी होती, परत पाठवू नका. दिवसातून केव्हाही, भाजी निवडताना, केस विंचरताना, ती मध्येच थांबून आईला विचारायची की नाही ना पाठवणार. आई म्हणायची, नाही गं बाई.

त्यानंतर दिवसाआड आमच्या परसात कोंबडी होऊ लागली. बायजाक्का सकाळीच विळी घेऊन यायची. पहिले काही दिवस वाडकीतलं पाणी चमच्यानं पाजावं लागायचं. ती इंदूताईला मांडीवर घेतल्यासारखी जवळ धरायची, चमचा फुंकायची, आणि तिच्याशी कसल्यातरी जुन्या, बिनमहत्त्वाच्या गोष्टी बोलत राहायची. हळूहळू इंदूताई वाडकी हातात धरायला लागली. मग तुकडे मागायला लागली. एक दिवस तिनं बायजाक्काची नक्कल केली, कोंबडी चाचपण्याची, माझा दंड धरून. मडमला हाडंच आहेत, परत पिंजऱ्यात टाका, असं म्हणाली. आम्ही तिघी हसलो. आई स्वयंपाकघरातून धावत बघायला आली, काय झालं म्हणून. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

मध्ये बायजाक्का दोन दिवस आली नाही. नात्यातल्या कुणाच्या तरी बारशाला गेले होते, असं परत आल्यावर म्हणाली. कुणी जास्त विचारलं नाही.

ती रविवारची सकाळ होती, शाळेला सुट्टी. बायजाक्का रोजच्यासारखी आली, पण त्या दिवशी तिनं दोन कोंबड्या आणल्या होत्या, मोठ्या. आबांना घरी जेवायला सांगा, असं आईला म्हणाली. पातेलं मोठं काढलं. मी पायरीवर होते. सगळं नेहमीसारखं झालं, ताटातलं पाणी, निखारे, फेस. बोटाला बोट लावून बघितलं. आणि मग तिनं वाटणाचा गोळा उचलला आणि सरळ पातेल्यात सोडला. पाणी लाल झालं.

मला वाटलं ती विसरली. मी म्हणाले, "आक्का, अळणी काढायची राहिली."

तिनं पळी फिरवणं थांबवलं नाही. "कुणाला?" ती म्हणाली. "आता इथं आजारी कोण आहे?"

मी उठून आईकडे गेले आणि तिला हे सांगितलं. आईच्या हातात कणकेचा गोळा होता. तो तसाच घेऊन ती परसाच्या दारात येऊन उभी राहिली. बायकांना ज्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत त्यातली ती एक असावी. आईनं विचारलं, "कुणाला बोलावलंस?" बायजाक्का म्हणाली, "ज्यांची आहे त्यांना."

एवढ्यात पुढच्या दाराशी टांगा थांबला. इंदूताईची सासू होती आणि नवरा होता. बरोबर त्यांचे एक म्हातारे चुलते, पागोटं घातलेले.

माजघरात सगळे बसले. चुलते बोलत होते, घराण्याचं, पोरवयाचं, भांड्याला भांडं लागतंच असलं काहीतरी. आबांनी त्यांना मध्येच थांबवून सांगितलं की मुलगी पाठवायची नाही, आमचा वकील झालेला आहे आणि आमच्याजवळ साक्षीदार आहे. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बायजाक्काकडे बघितलं आणि म्हणाले, "सांगा आक्का. पोरीच्या पाठीवर काय होतं ते यांना सांगा."

बायजाक्काचे हात हळदीचे होते. ते तिनं पदराला पुसले.

"घामोळं होतं," ती म्हणाली. "तेल लावलं, गेलं."

आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू. तिनं तेच उत्तर दिलं. नवरा सतरंजीकडे बघत होता. इंदूताई आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती, दाराच्या चौकटीला धरून. ती रडली नाही. ती बायजाक्काला एवढंच म्हणाली, "तुम्ही मोजले होते, आक्का. मला आवाज येत होता मोजल्याचा."

बायजाक्का तिच्याजवळ गेली. मग जे ती बोलली ते तिनं इंदूताईसाठी म्हटलं, पण ऐकलं सगळ्यांनी. मी पादऱ्याला जाऊन आले, म्हणाली. तुझ्या सासूनं देवीपुढं बेलभंडारा उचललाय, पुन्हा पोरीवर हात टाकणार नाही, उपाशी ठेवणार नाही म्हणून. कोर्टाचा कागद काय करेल तुझं? तुला सोडवेल आणि या घरात आणून ठेवेल. आज आईबाप आहेत. उद्या घर भाऊबंदांचं होईल, त्यांच्या बायका येतील. "माझ्याकडं बघ. मीसुद्धा एक दिवस अशीच चालत माघारी आले होते. सगळ्यांनी मला ठेवून घेतलं. इंदे, ठेवून घेतलेल्या बाईला मान आणि पाय मिळतात. जन्मभर."

आमच्यापैकी कुणाला हे माहीत नव्हतं. ती टाकलेली आहे असं लोक समजत होते. ती निघून आली होती.

मला आजही वाटतं की त्या क्षणी तिला तिचं बोलणं अगदी खरं वाटत होतं. त्यानं तिनं केलं ते काही कमी होत नाही. इतके दिवस ती चमच्याचमच्यानं जे पाजत होती ते कशासाठी, हे इंदूताईला त्या उंबऱ्यावर कळलं. तिला उभी करायची होती, म्हणजे पाठवता येईल.

साक्षीदार फिरल्यावर आबांजवळ काही उरलं नाही. चुलत्यांनी शपथेचं पुन्हा सांगितलं. आबांनी आईला सांगितलं की पोरीची ओटी भर. आईनं ओटी भरली. तिचे हात कणकेचे होते ते तिनं धुतलेही नव्हते. पाहुणे जेवून गेले. रस्सा छान झाला होता, असं चुलते म्हणाले. इंदूताई जेवली नाही. टांग्यात बसताना तिनं माझ्याकडे बघितलं. आईकडे आणि आबांकडे बघितलं नाही.

आईनं त्यानंतर बायजाक्काला घरी बोलावलं नाही. भांडण म्हणून झालं नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. गल्ली मात्र तिला बोलावत राहिली. तीही समोरून गेली की ओटल्यापाशी थांबायची, आईला "वहिनी, बरं आहे ना," विचारायची, आणि आई "बरं आहे" म्हणून आत जायची. बायजाक्काला हे लागत असेल असं तिच्या चालण्यावरून वाटायचं नाही. सकाळ झाली की ती विळी घेऊन कुणाच्यातरी परसात असायची. मी मात्र त्या दिवसानंतर कुठल्याही मोठ्या माणसाला कुठलीही गोष्ट सांगायची असली की आधी त्याचे हात बघते.

संक्रांतीला मी वाण घेऊन पादऱ्याला गेले. मला एकटीला पाठवलं, कारण आईला ते घर बघवत नव्हतं. इंदूताई वाळली होती. सासू वागायला ठीक होती, माझ्यासमोर तिनं ताईला तिळगूळही दिला. मग आम्ही दोघी मागे विहिरीवर गेलो, तेव्हा ताईनं बाही वर केली. मी शपथेचं विचारलं. ती म्हणाली, "शपथ सासूबाईंनी घेतली होती. यांनी नव्हती घेतली."

नंतर तिनं मला विचारलं की तुझ्या शाळेतल्या बाई मुंबईच्या एका दवाखान्याबद्दल बोलल्या होत्या ना, जिथं दाईचं काम शिकवतात. मी हो म्हटलं. विहिरीच्या कठड्यावर बसून आम्ही सगळं ठरवलं. आबांना सांगायचं नाही, आईलाही नाही. माहीत असणार फक्त शाळेच्या बाईंना आणि मला. होळीनंतरच्या आठवड्यात तिचा नवरा वसुलीला खेड्यात जातो, त्या दिवशी ती पहिल्या गाडीनं येईल आणि बडोद्याच्या स्टेशनवरच्या बायकांच्या खोलीत बसेल. मी परत येऊन विचारलं तेव्हा दुपारच्या मुंबईच्या गाडीनं बाई स्वतः तिच्याबरोबर जायला तयार झाल्या.

त्या दिवशी ती आली. तिच्या अंगावरच्या लुगड्याशिवाय तिच्याजवळ काही नव्हतं. बाईंजवळ तिला सोडून मी बाजारात तिच्यासाठी एक लुगडं, टॉवेल, कंगवा, वाटेत खायला थोडी केळी घ्यायला आले. परत जायला मी टांगा शोधत होते आणि करीमभाईच्या दुकानाशी बायजाक्का पिंजऱ्यापुढं बसली होती.

तिनं मला आधी पाहिलं. "मडम," तिनं हाक मारली. मी थांबले. थांबले नसते तर ती मागून आली असती.

ती आता थोडी वाकली होती. गुडघ्यावर हात टेकत उठली, काखेत एक कोंबडी तशीच. माझ्या हातातल्या पिशवीकडे तिनं बघितलं. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. खरेदी का, असं तिनं विचारलं आणि मी शाळेत एका मुलीला द्यायचं आहे म्हणाले. मग तिनं विचारलं, जरा थांबून, की इंदू कशी आहे. घरी विचारायला तुझी आई मला उभी करत नाही, म्हणाली.

मी म्हणाले की बरी आहे.

"सासूनं शपथ पाळली ना?"

"पाळली," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

तिचा चेहरा असा सैल झाला की मला तिकडे बघवेना. तिचे डोळे भरले होते. बघ, मी म्हणत होते, असं ती म्हणाली. सगळ्यांनी माझ्यावर दात धरला, पण पोरगी रुळली की नाही. मला रात्री झोप लागायची नाही गं. मग तिनं मोकळा हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं. अंगठा आणि शेजारचं बोट. माझी नाडी उडत होती. 

"किती धडधडतंय," ती म्हणाली. "वाळलीस. अभ्यास फार करतेस. उद्या ये माझ्याकडं, तुझ्यापुरती अळणी करते. आईला सांगू नकोस."

मी येते म्हणाले. हात सोडवून घेतला आणि समोर आलेल्या टांग्यात चढले. ती तिथंच उभी होती, कोंबडी छातीशी धरून, माझ्याकडे हसून बघत. टांगेवाल्यानं कुठं जायचं म्हणून विचारलं. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी "पाणीगेट" म्हणाले. टांगा तसाच चालू दिला. बाजाराचा कोपरा मागे गेला, ती दिसेनाशी झाली, तेव्हा मी पुढं वाकून त्याला सांगितलं, "स्टेशन. जरा लवकर."